मेस्त्रींचा पास : जुन्या मोटारींच्या मेळाव्याच्या संयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईत समुद्राकाठी दरवर्षी जुन्या मोटारींचा मेळावा भरवणारी संयोजक मंडळी,
यांस कोल्हापूरहून सप्रेम नमस्कार.

यंदाच्या मेळाव्याची नियमावली गेल्या आठवड्यात मिळाली. चार पानं आहेत. तीन वाचून झाली होती, चौथ्यावर तीन नियम दिसले आणि चहा तसाच गार झाला. एक, प्रत्येक गाडीमागे दोनच पास : मालक आणि कुटुंबातली एक व्यक्ती. चालक, मेकॅनिक आणि मदतनीस यांनी वाहनतळावर थांबावं. दोन, बाहेरगावच्या गाड्या ट्रेलरवरूनच आणाव्यात. तीन, ‘मूळ नसलेल्या’ सुट्या भागांचे गुण यंदापासून दुप्पट कापले जातील.

हे मी आपल्याला खाजगीतही लिहू शकलो असतो. गेल्या वर्षीचा मेळावा झाल्यावर लिहिलं होतं. पोच आली, उत्तर आलं नाही, आणि आता ही नियमावली आली. म्हणून हे पत्र चारचौघांत.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातून सुटे भाग करणारा. दोन लेथचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. आमच्याकडे 1956 ची फियाट 1100 आहे. आपल्या यादीत तिचं नाव ‘मिलेचेंतो’ असं छापलं होतं. आमच्या गल्लीत, आणि मुंबईतल्या जुन्या माणसांतही, ती ‘डुक्कर फियाट’. फुगीर नाक, गोल पाठ, पुढची दारं उलटी उघडणारी, गिअर स्टिअरिंगला, पुढच्या सलग सीटवर तिघं ऐसपैस. इंजिन 1089 सीसीचं. वडिलांनी ती 1974 साली राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडून घेतली. घेतली म्हणजे तरी काय, डॉक्टरांकडे कामाचे पैसे तुंबले होते, तेव्हा वर थोडी भर घालून गाडीच पदरात पडली. आई त्यावरून महिनाभर वडिलांशी धड बोलत नव्हती. पुढे त्याच गाडीतून ती जोतिबाला आणि नरसोबाच्या वाडीला जायला लागली, तेव्हा मिटलं.

वडील टर्नर होते, मेकॅनिक नव्हते. गाडी चालती राहिली ती मेस्त्रींमुळे. मेस्त्री आता 73 वर्षांचे आहेत. तेराव्या वर्षी गॅरेजात पाने धुवायला लागले, ते अजून रोज सकाळी नऊला शटर उघडतात. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय. ‘पेपरात नाव आलं की माणसं उधारीवर गाड्या आणून लावत्यात,’ असं त्यांचं मत.

गेल्या वर्षी आम्ही दोघं आपल्या मेळाव्याला आलो. गाडी चालवत आलो, पावणेचारशे किलोमीटर. पहाटे चारला निघालो, पेठ नाक्यावर चहा, पुण्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी एक्स्प्रेस-वे टाळून जुन्या रस्त्यानं बोरघाट उतरलो. उतारावर मेस्त्री एकच वाक्य बोलत होते, ‘ब्रेकवर बसू नको, गिअरवर उतरव.’ कुर्ल्याच्या बाजूनं आत शिरताना मी त्यांना म्हटलं, हिचं माहेर आलं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. आमची फियाट तिथंच जुळलेली. वालचंदशेठ मूळचे सोलापूरचे, म्हणजे मोटार मुंबईत जुळली तरी जिद्द आमच्या घाटावरची, असं मेस्त्रींना सांगितल्यावर ते खूश झाले. कोल्हापूरचा माणूस सोलापूरचं कौतुक एवढ्यापुरतंच करतो.

गेटवर मला गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. मेस्त्रींचं नव्हतं. आपल्या स्वयंसेवकानं अगदी सभ्यपणे सांगितलं, ‘काका, ड्रायव्हर लोकांसाठी मागं मंडप आहे.’ मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी धुतलेला निळा शर्ट घातला होता, त्यावर दोन जुने डाग होते, ते निघत नाहीत. ते चालत जाऊन समुद्राच्या कट्ट्यावर बसले. मी मधून मधून बघत होतो. वडापाव खाल्ला, समुद्राकडे पाठ केली आणि लांबून गाड्यांच्या रांगेकडे बघत बसले. कोणत्या गाडीचं इंजिन एका सिलिंडरवर चुकतंय, कोणाच्या डेल्कोचं (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) टायमिंग पुढं गेलंय, हे त्यांनी संध्याकाळी मला एकेक करून सांगितलं. रांगेत उभा राहून मला त्यातलं एकही ऐकू आलं नव्हतं.

परीक्षक आले तेव्हा बॉनेटचा खटका अडकला. तो मेस्त्रींनाच उघडता येतो. विनंती करून दहा मिनिटांसाठी त्यांना आत आणलं. परीक्षक तरुण होते, अभ्यासू वाटले, हातात पाटी आणि पेन. त्यांनी वॉटर पंपाकडे बोट दाखवून विचारलं, ‘हा ओरिजिनल आहे का?’

मेस्त्री म्हणाले, ‘व्हय, मीच बनवलाय.’

आजूबाजूचे हसले. परीक्षकही हसले आणि त्यांनी सहा गुण कापले.

त्या पंपाची गोष्ट सांगतो. मूळ पंप 1983 मध्ये तडकला. त्या वेळी मुंबईच्या दुकानांतही तो सुटा मिळाला नाही. मेस्त्रींनी फुटलेले तुकडे तारेनं बांधून जुळवले, पॅटर्नवाल्याकडून सागवानाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, करून घेतला, ओतकामात बीड (ओतीव लोखंड) आटतं तेवढी जास्तीची मापं धरली आणि फौंड्रीत दोन नग ओतून घेतले. पहिला पोकळ निघाला. दुसरा आमच्या लेथवर वडिलांनी लावला, आतला बुश गनमेटलचा केला. मी तेव्हा शाळेत होतो, कीस झाडायचं काम माझं. तो पंप आज चाळीस वर्षांवर चालतोय. कुर्ल्याहून आलेला मूळ पंप 27 वर्षं टिकला होता. आता यातला खरा कुठला, याचं उत्तर आपल्या गुणपत्रिकेत एका रकान्यात बसवलंय. मला ते पटत नाही.

तक्रारी आता सरळ मांडतो.

पहिली तक्रार या ‘मूळ’पणाची. रंग, क्रोम, काचा मूळच्यासारख्या असाव्यात याला माझी हरकत नाही. कोणी फियाटमध्ये डिझेल इंजिन टाकून आणली तर जरूर गुण कापा. पण भारतात पन्नास-साठ वर्षं रस्त्यावर राहिलेली गाडी कंपनीच्या खोक्यातल्या भागांवर राहिलेली नाही. आयातीवर बंधनं होती, कंपन्यांनी मॉडेलं बंद केली, पुढं कंपन्याच बंद झाल्या. त्या काळात किंगपिनचे बुश, पंपाचे स्पिंडल, ब्रेकचे सिलिंडर उद्यमनगरसारख्या पेठांत तयार झाले. ही गाडीच्या इतिहासातली खोट नव्हे, तोच तिचा इतिहास आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात परदेशी कॅमेरा बघून स्वतःचा कॅमेरा घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. त्याला कोणी नकली म्हणत नाही, आम्ही अभिमानानं सांगतो. मग पंपालाच काय झालं? जुन्या वाहनांच्या ‘फिव्हा’ या जागतिक संघटनेची ट्यूरिन सनद आपण नियमावलीत आधाराला घेतली आहे. तीच सनद सांगते की नवा भाग बसवलात तर त्यावर ओळखू येईल अशी खूण करा. म्हणजे भाग बदलणार हे तिथं गृहीतच आहे. लपवाछपवी नको, एवढंच म्हणणं. आमच्या पंपावर खाली पॅटर्नवाल्याची खूण आहे आणि साल कोरलेलं आहे. परीक्षकांनी वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं.

दुसरी ट्रेलरची. हा नियम वाचून मला राग आला हे कबूल करतो. त्याच सनदेत रस्त्यावरचा वापर जतनाला उपयोगी धरलाय. शिवाय आपल्याकडचा कायदा बघा. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या खाजगी गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तिथवरचं जाणं-येणं, पेट्रोल आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे कायद्यानं या गाड्यांना जो थोडका रस्ता ठेवलाय, तो आपल्या मेळाव्याकडे येणारा रस्ता आहे, आणि आपण म्हणता ट्रेलरवर बांधून आणा. अशा गाडीनं मग चालायचं तरी कधी? (मी स्वतः व्हीए नंबर घेतलेला नाही. गाडी जोतिबाला न्यायची असते, देवाला ते प्रदर्शन कसं म्हणायचं.)

ट्रेलरचं भाडं हा वेगळा विषय. एवढंच सांगतो की कोल्हापूर-मुंबई जाऊन-येऊन जे भाडं मला सांगितलं, तेवढ्यात मेस्त्री इंजिन उतरवून, पिस्टन रिंगा आणि बेअरिंगा बदलून परत बसवतील, आणि चहाही पाजतील. नियम असाच राहिला तर मेळाव्यात मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतल्या गाड्या उरतील. कराड, सांगली, निपाणी, इचलकरंजीकडच्या शेडमधल्या जीपा आणि लँडमास्टर घरीच राहतील.

तिसरी तक्रार पासाची. पत्र खरं तर त्यासाठीच आहे, पण त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. ज्यानं गाडी जिवंत ठेवली त्याला त्या गाडीपाशी उभं राहू दिलं जात नाही. गेल्या वर्षी ती चूक म्हणून सोडून दिली होती, यंदा तो नियम झाला.

चौथी थोडी तांत्रिक आहे. आपण मेळाव्यात दुपारी एक व्याख्यान ठेवता. गेल्या वर्षी विषय होता रंगाचं पॉलिश. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. ते आमच्याच उसातून येतं, त्यामुळे कोल्हापूरकरानं त्याविरुद्ध बोलायचं म्हणजे जेवत्या ताटाला नावं ठेवण्यासारखं. माझे मेव्हणे ऊसवालेच आहेत. पण जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या एसी पंपाचा पडदा फुगतो, पाइप आतून सुटतात आणि कचरा कार्बोरेटरच्या जेटमध्ये येऊन बसतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी ठेवणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. मेस्त्रींनी यावर दोन वर्षं डोकं लावलंय. पडदा व्हिटॉन रबराचा कापून बसवतात, आणि महिन्यावर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायला लावतात. हे ऐकायला आपल्या मंडपात किती माणसं बसली असती! ते ज्यांना माहीत आहे ती माणसं मात्र वाहनतळावर.

आता आमची चूकही सांगतो. आमच्या गाडीनं आपल्या हिरवळीवर तेलाचे थेंब पाडले. खाली ट्रे ठेवायला हवा होता, तो डिकीत राहिला. आपल्या माळ्यानं ते निमूट पुसलं. त्याबद्दल माफी मागतो. आणि आपण सगळे पदरचा वेळ घालून हे करता, हेही मला माहीत आहे. आपल्यामुळे कितीतरी गाड्या भंगारात जायच्या वाचल्या. मी भांडायला आलेलो नाही.

आमच्याकडे जुनी गाडी कशी बघतात, तेही सांगावंसं वाटतं. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक येते. जर्मन बनावटीची, लांबलचक गाडी. सोनं लुटायला आलेली हजारो माणसं ती बघतात. लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून बघतात. तिच्यासाठी कोणाला पास लागत नाही. ती चालत येते, लोकांच्या मधून येते, आणि चालत जाते. मेस्त्रींनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा ते सात वर्षांचे होते. गॅरेजात जायचं तेव्हाच ठरलं, असं ते सांगतात. आईनं मात्र शिवणकामाला घालायचं ठरवलं होतं.

मुंबईतही हेच बघितलंय. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा शहर किती हळवं झालं होतं! शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदलेली. वीस वर्षं झाली आणि नियमानं तिला निरोप मिळाला. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तिचेच फोटो. त्या टॅक्स्या एवढी वर्षं ज्यांनी चालवल्या आणि रात्री कंदिलाच्या उजेडात ज्यांनी त्यांचे क्लच बदलले, त्यांचे फोटो मला तरी फार दिसले नाहीत. आपल्या मेळाव्यातही पद्मिनीचा एक खास कोपरा असतो. त्या कोपऱ्यात एखादा जुना टॅक्सीवाला खुर्ची टाकून बसलेला असता तर गर्दी तिथंच झाली असती.

मागण्या फार नाहीत.

प्रत्येक गाडीला एक पास मेस्त्रीचा द्या. मालकाच्या पासातला नव्हे, वेगळा, मेस्त्रीच्या नावाचा. गाडीपुढच्या पाटीवर मालकाच्या खाली ‘देखभाल’ म्हणून त्याचं नाव लिहा. आमच्या मेस्त्रींना मी विचारलंय. पत्रात नको, पाटीवर चालेल म्हणाले.

ट्रेलरची सक्ती काढा. चालवत आलेल्या गाडीला उलट चार गुण जास्त द्या, वाटेतल्या टोलनाक्यांच्या पावत्या आम्ही पुरावा म्हणून दाखवू. ज्याची गाडी खरंच चालण्याजोगी नसेल त्यानं ट्रेलर आणावा, त्याला कोण नको म्हणतंय?

गावात घडवलेल्या भागांचे गुण कापू नका. तो भाग कोणी, कधी, कशावरून केला याची नोंद मागा. नोंद नसेल तर खुशाल कापा. मापं मूळची आहेत का, धातू बरोबर आहे का, काम स्वच्छ आहे का, हे तपासायला आपल्या परीक्षकांबरोबर एक टर्नर आणि एक मेकॅनिक असू द्या. मुंबईत चांगले टर्नर कमी नाहीत.

दुपारचं व्याख्यान एका वर्षी मेस्त्री लोकांना द्या. व्याख्यान हा शब्द ऐकून ते पळून जातील, म्हणून मंडपात एक इंजिन स्टँडवर ठेवा आणि त्यांना ते उघडायला सांगा. बोलणं आपोआप होईल. ते कोणीतरी कॅमेऱ्यावर टिपून ठेवा, ही हात जोडून विनंती. मेस्त्रींच्या हाताखाली दोन पोरं होती. एक शोरूमला लागला, तिथं लॅपटॉप जोडला की दोष पडद्यावर दिसतो. दुसऱ्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. इग्निशनच्या पॉइंटची फट पत्र्याच्या तुकड्यानं मोजणारे आता बोटावर मोजण्याइतके उरलेत, आणि मी धरून त्यांची वयं सत्तरीच्या आसपास आहेत. मी 54 चा आहे, पण पाठीनं सत्तरी गाठली.

परत येतानाचं एक राहिलं. खंबाटकी घाटात आमची गाडी उकळली. चढाच्या मध्यावर बाजूला घेतली, चाकामागं दगड लावला आणि वाफ जायची वाट बघत बसलो. मी म्हटलं, पंप गेला वाटतं. माझ्या आवाजात सहा गुणांचा कडवटपणा असावा. मेस्त्रींनी पंख्याचा पट्टा चाचपला. तो सैल पडला होता. पंपाला काही झालं नव्हतं. पट्टा ताणताना ते एवढंच म्हणाले, ‘पुढच्या वर्षी जाऊ, तेव्हा ट्रे डिकीत विसरू नको.’

पुढच्या वर्षी जाऊ, असं ते म्हणाले होते. आता मी त्यांना चौथं पान अजून दाखवलेलं नाही. नोंदणीची शेवटची तारीख पंधरा दिवसांवर आली आहे. फॉर्म भरून ठेवलाय, मेस्त्रींच्या नावाचा रकाना त्यात नाही म्हणून समासात हातानं लिहिलंय. आपल्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं की पोस्टात टाकतो. ट्रे या वेळी घेऊन येतो.

कळावे,
आपला,
शिवाजी उद्यमनगरातला एक टर्नर,
कोल्हापूर